नत्थूजींनी अहंकार सोडल्याची दवंडी

सिंदी (रेल्वे),
ता. १८ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप वडील भगिनी सीताबाई यांचे चरणी धाकटे बंधू नत्थूजी यांचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण असे की, मी अहंकार सोडला आहे.

भाऊबीजेस पवनार येथे आपल्या घरी आलो असता, निरांजन हातात असतानाच आपण मला म्हणालात, "तुह्या मानापायी पोट्टी तिकडे झुरून राह्यली, अन् तू इथे टिळा लावून घेऊन राह्यला." हे शब्द मनास लागले. प्रथम रागच आला. कारण माझी कोकिळा माहेरास मुकली त्यात दोष तिचे सासरे भैय्याजी यांचा आहे, माझा नव्हे. आपण दर वेळी तो प्रसंग उलटा सांगता, म्हणून येथे एकदाचा सरळ लिहून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी कोकिळेच्या लग्नात व्याहीभेटीस मी व भैय्याजी समोरासमोर उभे राहिलो. ज्याचे पाऊल आधी पुढे पडेल तो लहान, हे उभयतांस ठाऊक होते. म्हणून कोणीच हलले नाही. वाजंत्री वाजवून दमली. सनईवाल्याने पाणी मागितले. अखेर मागून कोणी तरी धक्का दिला व आम्ही एकमेकांच्या अंगावर आदळलो. त्या वेळी पहिले पाऊल भैय्याजींचे पडले. ते म्हणतात माझे पडले. तेव्हापासून मी त्यांच्या गावी सेलूस गेलो नाही, ते सिंदीस आले नाहीत.

आता कोकिळेस आठवा महिना लागला आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. मी स्वतः न्यावयास यावे असा भैय्याजींचा हट्ट. त्यांनी आधी रीतसर बोलावणे धाडावे हे माझे म्हणणे. याला हट्ट म्हणता येणार नाही, कारण ते योग्य आहे.

असो. कार्तिकात मारुतीच्या देवळात कीर्तन झाले. बुवा म्हणाले, अहंकार हा घरात शिरलेला साप होय. तो आत आहे तोवर घरधन्यास झोप नाही. मला खरोखरच झोप नाही. म्हणून कार्तिकी पौर्णिमेस मी अहंकाराचा त्याग केला. त्याग केल्याचे लोकांस कळले नाही तर लोक पूर्वीप्रमाणेच वागत राहतील, या विचाराने गावचे कोतवाल तानबा यांजकडून दवंडी देवविली. मजकूर मीच सांगितला होता, तानबाने तो आपल्या वाणीत घातला: "आयका हो आयका! नत्थूजीनं आजपासून अहंकार सोडला हो! ज्याले कोनाले काई म्हनाचं असन त्यानं चार वाजल्यावर घरी येऊन म्हनावं हो!"

चार वाजता बरेच जण आले. एकाने विचारले, सोडलेला अहंकार कुठे ठेवला आहे आणि तो गुरांना चालेल काय. त्यास मी क्षमा केली. केवळ काठी दाखविली.

आता भैय्याजींनी सिंदीस येऊन माझ्या त्यागाची खात्री करून घ्यावी, एवढेच उरले आहे. त्यांस आपण तसे कळवावे.

आपला नम्र (हा शब्द मी नव्याने घातला आहे),
नत्थूजी उद्धवराव,
इयत्ता चौथी उत्तीर्ण, शाळेत प्रथम

*

पवनार,
२४ नोव्हेंबर

नथूले बाईचा आशीर्वाद.

तुहं पत्र म्याच वाचलं. इथे संध्याकाळी म्हाताऱ्या बायकांचा वर्ग भरते, तिथे लिहा-वाचाले शिकली, तवापासून कोनाच्या पाया पडा लागत नाई. वाचता वाचता एवढी हासली का शेजारची जिजाबाई पानी घेऊन धावली. तिले वाटलं मले ठसका लागला.

अरे बाप्पा, दवंडी? बैल हरपला तं मानूस दवंडी देते. तू काऊन देल्ली? सोडलेलं कोनी परत आनून देईन म्हनून? अन् साप घरातून गेला म्हनतं, तं काठी कायले हातात ठेवली?

व्याहीभेटीचं मले नको सांगू. म्या तिथेच उभी होती. तुम्हा दोघाले ढकलनारी बी म्याच होती. कोनाचं पाऊल आधी पडलं ते मले मालूम हाय, पर मरेपर्यंत सांगनार नाई.

आता आईक. इथे धाम नदीच्या काठी सकाळी प्रार्थना होते, म्या जात असतो. तिथे मले एक समजलं. अहंकाराले काढतो म्हनलं का तो आनखी जागा होते. लेकराले 'झोप, झोप' म्हनून ओरडलं तं झोपते काय? दुसऱ्याच्या दुखन्याले हात लावला, का आपल्या आतला तो आपोआप निजते. म्हनून तू रोज एक काम असं कर, का कोनाचं तरी भलं होईन अन् तुहं नाव कोनाले समजनार नाई.

अन् हो. सेलूहून खबर आली का भैय्याजीनं बी अहंकार सोडला. तुह्या आधी. अष्टमीलेच.

तुही बाई सीता,
म्हाताऱ्यांच्या वर्गात शेवटून पहिली

*

सिंदी (रेल्वे),
ता. ३ डिसेंबर १९५४

तीर्थरूप सीताबाई यांचे चरणी नत्थूजी यांचा नमस्कार.

आपण अष्टमी लिहिली. परंतु शुद्ध की वद्य, ते लिहिले नाही. शुद्ध असल्यास भैय्याजींचा त्याग माझ्या आधीचा ठरतो. वद्य असल्यास माझा. शिवाय त्यांच्यापाशी सोडण्याजोगे होते तरी किती, हाही विचार व्हावा. कृपया चौकशी करून कळवावे. मला व्यक्तिशः काही फरक पडत नाही.

आपण सांगितल्याप्रमाणे गुप्त सत्कार्य केले. पहाटे उठून देवळाचे अंगण झाडले. कोणी पाहिले नाही. झाडून झाल्यावर झाडू घेऊन बराच वेळ उभा राहिलो, तरी कोणी आले नाही. मग असा विचार आला की, काम गुप्तपणे झाले याला निदान एक साक्षीदार हवा. नाही तर ते गुप्त होते हे कोणास कळणार? म्हणून केवळ तानबास सांगितले आणि कोणास न सांगण्याची ताकीद दिली. तानबाचा आवाज कोतवालाचा आहे. तो कुजबुजला तरी बाजारापर्यंत जातो. न्याहारीच्या सुमारास कापसाचे दलाल मला रस्त्यात थांबवून अंगणाबद्दल नमस्कार करू लागले.

दुसरा प्रयोग पंगतीत केला. चंद्रभानच्या नव्या घराची वास्तुशांत होती. रोडगे, वरण, वांग्याची भाजी व बुंदी असा बेत होता. माझा पाट नेहमीप्रमाणे अग्रस्थानी मांडलेला होता. मी तो नम्रपणे नाकारून शेवटच्या टोकास, जोड्यांच्या ढिगाजवळ बसलो. वाढपी बिचारे घोटाळले. नत्थूजी जेथे बसतात तेथून वाढावयास आरंभ करावा एवढेच त्यांस ठाऊक. ते माझ्या टोकाकडून वाढू लागले. म्हणजे मी पुन्हा पहिलाच! मी उठलो आणि दुसऱ्या टोकास गेलो. वाढपी वळले. मी परत आलो. वाढपी पुन्हा वळले. लोक रोडग्याकडे पाहात, हात आवरून बसले होते. अखेर मी मध्यभागी बसलो, तेव्हा भाजीवाला एकीकडून आणि वरणवाला दुसरीकडून माझ्यापर्यंत धावले आणि माझ्या डोक्यावर एकमेकांस भेटले. वरण कढत होते.

घरी आल्यावर आपल्या भावजय सौ. अनुसयाबाई माझी मान पुसता पुसता म्हणाल्या, "तुमचा मान होता तवा लोकं येळेवर जेवत तरी होते."

एक गोष्ट मात्र हसण्याची नाही. कोकिळा लहानपणी पंगतीत माझ्या पाटाला पाट लावून बसे. स्वतःची बुंदी आधी संपवी आणि मग माझ्या ताटाकडे अशी पाही की जणू ती बुंदी वाट चुकून तेथे गेली आहे. त्या दिवशी मी तीन जागा बदलल्या. तिन्ही ठिकाणी माझ्या शेजारचा पाट भरलेला होता आणि तरीही रिकामा वाटला.

तिचे दिवस भरत आले. मी जाण्यास तयार आहे. भैय्याजींनी फक्त 'यावे' इतके लिहावे. दोनच अक्षरे आहेत.

आपला,
नत्थूजी उद्धवराव,
चौथी उत्तीर्ण

*

पवनार,
१२ डिसेंबर

नथूले आशीर्वाद.

वरनाचं वाचलं. अख्ख्या वर्गाले वाचून दाखवलं. बायका म्हनते, तुमच्या भावाले एकदा आना जी, आमाले पाहाचं हाय. तुहं तं असं झालं नथू, का ढोल गळ्यात घातला अन् चोरी कराले निंघाला.

अष्टमी कोनती ते नको इचारू. तू 'यावे' मांगतं, तो 'येतो' मांगते, अन् पोट्टी मधात उभी. तिच्या पोटातलं लेकरू तुमच्या दोघाच्या अक्षरासाठी थांबनार हाय काय? उठ अन् सेलूले जाय. आधी चिठ्ठी नोको धाडू. भैय्याजी काय म्हनन, लोकं काय म्हनन, हे गाडीत बसल्यावर इचार कर. बैल तवरिक चालत राह्यते.

आनखी एक काम. माही कंबर लई दुखून राह्यली. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, अन् घरचं तूप धाडजो. डिंक जास्त धाडजो. अन् तुही जुनी धोतरं असतीन ना, धुऊन धुऊन मऊ झालेली, ते बी. नवं नको. मऊ पाह्यजे.

कायले पाह्यजे ते इचारू नको. म्हाताऱ्या मानसाले हजार कामं असते.

तुही बाई सीता

*

सिंदी (रेल्वे),
ता. २० डिसेंबर १९५४

तीर्थरूप सीताबाई यांचे चरणी नमस्कार.

आपल्या कंबरेचे वाचून काळजी वाटली. वय कोणास चुकले नाही. गाठोडे पाठविले आहे. डिंक आपण मागितला त्याहून अधिक आहे, तरी एका कंबरेस इतका डिंक मानवेल काय, हे वर्ध्याच्या डॉक्टरांस विचारून घ्यावे. खारीक बिया काढून दिली आहे. धोतरे माझी आहेत. गोधडी शिवावयाची असावी असा अंदाज केला. न विचारण्याची आपली आज्ञा पाळली आहे.

गाठोडे बांधताना सौ. अनुसयाबाई सारख्या डोळे पुसत होत्या आणि मध्येच हसत होत्या. कारण विचारता म्हणाल्या, "काई नाई जी. बाईची कंबर एकदाची मोकळी झाली म्हंजे बरं." नणंदेबद्दल त्यांस इतकी माया असेल असे वाटले नव्हते. त्यांनी आपण होऊन बाळंतशेपाची पुडीही आत घातली. म्हातारपणी पचनास ती चांगलीच.

त्या गाठोड्यावर मी माझे नाव घालावयास दौत उघडली होती. मग आपले पहिले पत्र आठवले. दौत मिटविली. ही गोष्ट मी तानबास सांगितली नाही. आपणांस सांगितली, ती मोजू नये.

कापूस घरात आला आहे. तो गाडीत भरून बाजारास लावला की संक्रांतीपूर्वी सेलूस निघेन. आगाऊ कळविणार नाही, दवंडी नाही. फक्त जरीचा फेटा बांधीन, कारण शेवटी व्याह्यांचे घर आहे.

आपला,
नत्थूजी

*

सेलू, भैय्याजींचा गोठा,
७ जानेवारी १९५५, सकाळ

बाई,

पेन्सिलीने लिहीत आहे. पाठीखाली कडब्याची पेंढी आहे. मायना घालावयास जागा नाही, तरी नमस्कार आहेच.

काल दुपारी येथे पोहोचलो. कापूस घरी तसाच टाकून निघालो होतो. एकदा मनात आले ते लांबविले तर पुन्हा 'यावे' आठवेल, अशी धास्ती होती. दारी उतरलो, फेटा सारखा केला, खाकरलो. आतून विहीणबाई लीलाबाई आल्या. मला पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. लाजेने नव्हे, हसू आवरेना म्हणून.

"या जी, व्याहीबुवा. तुमी इकडे आले, अन् ते सकाळच्या गाडीनं सिंदीले गेले, तुमच्या पाया पडाले. आता कोन कोनाच्या पाया पडन?"

म्हणजे यातही ते माझ्या आधी! पण मी ते गिळले आणि म्हणालो, "कोकिळेस न्यावयास आलो आहे."

त्या म्हणाल्या, "पोरगी इथं कुठं हाय जी? तुमा दोघाची वाट पाहाली असती तं रस्त्यातच बाळंत झाली असती. सूनबाई नागपूरले नवऱ्याकडे गेली असं आमच्या याहिले सांगतलं, अन् म्याच मोटारीत बसवून पवनारले धाडली. आत्याजवळ."

बाई, मी तेथेच ओट्यावर बसलो. डिंक दिसू लागला. खारका दिसू लागल्या. बाळंतशेपा! आणि ती मऊ धोतरे! सारे जग जाणत होते. माझी बायको जाणत होती. धोतरे ज्याची, तो तेवढा गोधडी समजत होता. पहिले बाळंतपण बापाच्या घरचे, आणि बापासच पत्ता नाही. मी काठी उचलली. निघालोच होतो. पवनारला येऊन आपणांस काय काय विचारायचे त्याची वाक्येही तयार होती आणि ती अतिशय शुद्ध होती.

एक पाय पायरीवर होता, तोच गोठ्यातून म्हैस हंबरली. लीलाबाई मला तशीच सोडून धावल्या. पहिलारू म्हैस, सकाळपासून अडलेली. सालदार गडी लांब शेतात गेला होता. त्या एकट्याच. मी पायरीवर उभा राहिलो. तिने पुन्हा आवाज काढला. तो मला ओळखीचा वाटला. कशासारखा, ते लिहिणार नाही. आपल्याही ध्यानात येईल.

मी परत फिरलो. काठी कोठे ठेवली ते अद्याप सापडलेले नाही.

वासराचा एक पाय आत मुडपलेला होता. कोट काढला, दंडापर्यंत गोडे तेल लावले. पाय हाती लागून सरळ होईतो ऊन भिंतीवरून उतरले होते. मग ती कळ देई तेव्हा मी ओढी, ती थांबे तेव्हा थांबे. लीलाबाई मला "ओढा!" म्हणून ओरडत होत्या, आणि एकदा तर "अरे ओढ ना बाप्पा!" असे म्हणाल्या. वासरू बाहेर आले ते निपचित. नाका-तोंडात चिकटा. हाती दुसरे काही नव्हते. डोक्यावरचा फेटा ओढला आणि त्याने पुसले. कडब्याने अंग चोळले. जरीचे जे टोक व्याहीभेटीत मी ताठ उभे धरले होते, तेच नाकात घालून फिरविले, तशी त्याने शिंक दिली. बाई, अशी शिंक मी उभ्या जन्मात ऐकली नाही. मी आणि लीलाबाई दोघे शेणात बसून हसत होतो.

मग त्यांनी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावरच दिला. खाल्ला. गव्हाणीला पाठ टेकली आणि दिवा लागण्यापूर्वीच झोप लागली. ती थेट सकाळी म्हशीने कान चाटला तेव्हा मोडली. जागा झाल्यावर आठवले, की व्याही दारी आला असता ना पाय धुवावयास पाणी मिळाले, ना पाट, ना पानसुपारी. आणि मला त्याची आठवणच झाली नव्हती. बुवांनी सांगितलेला तो साप मी दोन महिने काठीने शोधीत होतो. काठी हरवली त्या दिवशी तो कोठे गेला, कोण जाणे.

म्हशीची वार अजून पोटातून पडलेली नाही. कुत्री घोटाळत आहेत आणि लीलाबाई एकट्या आहेत. ती पडली की निघतो. शेजारचे रामाजी मोटारीने वर्ध्यास चालले आहेत. वाटेत पवनारला उतरून ही चिठ्ठी देतील. कोकिळेस सांगा, बाप येत आहे. तिच्यावर रागावलेला नाही. आपल्यावर थोडा आहे, पोहोचेपर्यंत उतरेल.

नत्थू

*

पवनार,
७ जानेवारी, दुपार

नथू,

रामाजी वर्ध्याहून वापस आले, दारात उभेच हाय, म्हनून लवकर लिवतो.

आज पहाटे कोकिळा मोकळी झाली. पोरगी हाय. दोघी चांगल्या हाय. पोट्टीचं नाक तुह्यावर गेलं, पर आपन सुधरवून घेऊ. तुह्या धोतरात गुंडाळली अन् लगेच वलं केलं.

आता भैय्याजीचं आईक. काल ते सिंदीले तुह्या घरी गेले. तू नाईस. सालदाराले ताप, कापूस आंगनात पडलेला, गाडी भराची. अनुसयेनं त्याहिले मानापानाचं काई इचारलं नाई; म्हनली, "आले ते बरं झालं जी, चढा गाडीत अन् तुडवा कापूस." बुढा चढला! उपरनं कंबरेले बांधून दिवसभर कापूस तुडवला. मंग अनुसयेनं पोरगी कुठं हाय ते सांगतलं, अन् संध्याकाळी दोघं इथे आले. दारात पाह्यलं तं वाटलं पांढरा ससा उभा हाय. मिशीत कापूस, कानात कापूस. कोकिळा तशा कळांत बी हासली.

पर पहाटेपासून नवा तमाशा. म्हनते, "पह्यला मान मायच्या बापाचा. नत्थूजी आल्याशिवाय मी नातीचं तोंड पाहात नाई." ओट्यावर उपरनं तोंडावर घेऊन बसले हाय. चहा बी उपरन्याखालूनच पेले. येनारे-जानारे थांबून इचारून राह्यले, "कोन गेलं जी?" म्या सांगून सांगून थकली, का कोनी गेलं नाई, आली!

तुमच्या दोघाचा अहंकार होता तवा बी ताप, अन् नाई तवा बी ताप.

अन् ते अष्टमीचं. भैय्याजीनं काई सोडलं नोहोतं. म्याच बनवलं. त्याहिले लिवलं का तू सोडला अन् पाया पडाले निंघाला, घाई करा. तुले लिवलं का त्याहिनं सोडला. एवढ्यासाठीच तं लिहाले शिकली.

कोकिळा तुही चिठ्ठी छातीवर ठेवून निजली हाय. लवकर ये. पर म्हशीची वार पडल्याशिवाय निंघजो नोको.

बाई

*

सिंदी (रेल्वे),
२४ फेब्रुवारी १९५५

बाई,

आजपासून तुला 'तू' म्हणणार आहे. लहानपणी म्हणत होतो. चौथी उत्तीर्ण झाल्यावर 'आपण' म्हणू लागलो, ते उगाच.

एक खुलासा राहिला होता. त्या दिवशी मी पवनारला पोहोचलो तेव्हा तू आत काढा उकळीत होतीस. बाहेर आलीस तर आम्हा दोघा व्याह्यांच्या कपाळांवर टेंगळे. तू विचारलेस, आम्ही एकमुखाने म्हणालो, चौकट लागली. ते खोटे होते. मी ओट्यापाशी आलो. भैय्याजींनी उपरणे दूर केले. लग्नात वाजंत्री दमली तरी जे पाऊल उचलले नव्हते, ते या वेळी दोघांनी एकदमच उचलले, आणि दोघे एकदमच पाया पडावयास वाकलो. आवाज मोठा झाला. मग मातीत बसून आम्ही किती हसलो, ते सांगत नाही. भैय्याजींच्या मिशीतला कापूस माझ्या तोंडात गेला.

पुढचे तू जाणतेस. तू पोर बाहेर आणलीस तर ते म्हणाले, आधी तुम्ही. मी म्हणालो, आधी तुम्ही. तेव्हा तू तिला सुपात ठेवलेस आणि एक बाजू माझ्या हाती व एक त्यांच्या हाती देऊन म्हणालीस, "धरा आता दोघं. ज्यानं सोडलं तो लहान." त्यानंतर तू आत निघून गेलीस आणि आम्ही ते सूप धरून उभेच. हात भरून आले, पण कोणी हलले नाही. तिला जाग येईल म्हणून.

आता कालचे सांगतो. तू सव्वा महिना पुरा करून कोकिळेची पाठवणी केलीस. गाडी सिंदीच्या शिवेवर आली. तेथे तानबा ढोल गळ्यात घालून उभा. सकाळपासून उभा होता म्हणे. लेक माहेरी यावी, बाजारातून वाजत-गाजत न्यावी, यासाठी मी दवंडीचा मजकूर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी रचून ठेवला होता. त्यात माझे नाव तीनदा येत होते. तानबाला तो तोंडपाठ होता.

"देऊ काय जी दवंडी?" त्याने टिपरू उचलले.

मी गाडीत मागे पाहिले. कोकिळा गाडीच्या दांडीला टेकून पेंगत होती. तिच्या मांडीवर, माझ्या धोतरात, ती. तोंड उघडे. वरच्या ओठावर दुधाचा थेंब.

मी म्हणालो, "हळू. पोर निजली आहे."

तानबाने ढोल गळ्यातून काढून काखेत घेतला आणि ओठांवर बोट ठेवून गाडीपुढे चालू लागला. बाई, या माणसाचा आवाज चार गावांत जातो. पण काल त्याने जी दवंडी दिली तशी आयुष्यात दिली नसेल. कापसाच्या गाड्या बाजूला झाल्या. गाडीवानांनी खाली उतरून बैलांच्या घुंगरमाळा मुठीत धरल्या. वजन करणाऱ्याने हाकारा अर्ध्यावर गिळला. चंद्रभान हॉटेलातून "नत्थूजी, राम..." एवढे म्हणाला आणि तानबाने त्याच्याकडे असे पाहिले की पुढचा राम त्याने चहाबरोबर प्यायला. भर बाजार, आणि चाकाच्या कुरकुरीशिवाय काही ऐकू येत नव्हते. चाकालाही लोक रागाने पाहात होते.

दारात तुझ्या भावजयीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग मला विचारले, "बजारातून आले ना जी? कोनी रामराम केला का नाई?"

मी पुष्कळ आठवून पाहिले. मला सांगता येईना.

सोमवारी भैय्याजी व लीलाबाई नातीला पाहावयास येत आहेत. मी स्टेशनवर जाणार आहे. ते म्हणतात, मीच येतो, तुम्ही येऊ नका. मी म्हणतो, मी येणारच. हा जुना रोग पूर्ण गेला असे समजू नकोस. पण रात्री झोप येते. तीही, ही कार्टी येऊ देईल तेवढीच.

तुझा,
नथू

ता. क. तुझ्याकडे राहिलेली दोन धोतरेही ताबडतोब धाड. येथे फार निकड आहे. माझी अंगावरची मागितली जात आहेत.